ऋण दाब आणि जखमेचे भरून येणे

मधुमेही रुग्णांच्या पायाच्या खोल जखमांसाठी ऋण दाब उपचार उपयुक्त ठरतो. मृत ऊती काढून जखमेत स्पंज बसवितात व हवाबंद आवरणाखालून यंत्राने स्राव शोषून घेतात. स्पंजाच्या छिद्रांत ऊती ओढली जाते. त्या ताणाने पेशी वाढतात, तांबूस नवी ऊती भरते आणि तिच्यावरून कडेच्या त्वचापेशी आत सरकतात.

अमेरिकेतील मोरिक्वास व अर्जेंटा यांच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डुकरांवरील प्रयोगांत पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर ऋण दाबाला रक्तप्रवाह चौपट झाला. ४०० पासून पुढे तो रोधला गेला. म्हणजेच अधिक शोषण हा अधिक लाभ नव्हे.

यंत्र २ तासांहून अधिक बंद राहिल्यास पट्टी काढावी लागते. साचलेल्या स्रावात जंतू वाढतात. यास्तव यंत्र थांबताच नातेवाइकांनी परिचारिकेस कळवावे, ही नम्र विनंती.