कॅमेऱ्याआधी तिथी

बंगळूरकर हौशी फोटोग्राफरची समुद्राशी गाठ पडते ती सुट्टीच्या हिशेबाने. शुक्रवारी ऑफिस लवकर आटोपून पंचगंगा एक्स्प्रेस गाठायची, सकलेशपूरचा घाट झोपेत उतरायचा आणि शनिवारी सकाळी गोकर्ण रोड, अंकोला नाहीतर कारवारला उतरायचं. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी धरायची असते, म्हणजे हाताशी खरा सूर्यास्त एकच, शनिवारचा. या एका संध्याकाळसाठी आम्ही महिनाभर तयारी करतो. लेन्स भाड्याने आणतो, फिल्टर जमवतो, ढगांचे अंदाज बघतो. पण ज्याचे फोटो काढायचे ते पाणी त्या वेळी कुठे असेल, हे बघायचं कुणाला सुचत नाही.

कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला हे विचारा, तो कालनिर्णयाकडे बोट दाखवेल. हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, आणि दिवसातून दोनदा हेच चक्र. रोज ते साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीकडचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून कारवार-गोकर्णला ती तासभर आधीच येते. मिनिटाच्या पक्केपणासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टकं असतात, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राची माहिती फोनवर मिळते. पण सहल ठरवताना पाऊणपट पुरते.

आता ही पाऊणपट संध्याकाळला लावून बघा. पौर्णिमेला कारवारकडे पूर्ण भरती सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी पावणेपाच-पाचला. दुपारी किनाऱ्यावर पोहोचणाऱ्याला पाणी दूर गेलेलं दिसतं, खडक उघडे पडलेले असतात. त्याला वाटतं, आजचा दिवस आपला. प्रत्यक्षात सूर्य टेकायच्या आत पाणी परतीला लागलेलं असतं, आणि पौर्णिमेचं म्हणजे उधाणाचं पाणी, ते जोरात चढतं. द्वितीया-तृतीयेला हेच चित्र दीड-दोन तासांनी पुढे ढकललं जातं. सूर्यास्ताला पाणी अजून उतरत असतं आणि मागे ओल्या वाळूचा आरसा सोडत जातं. फोटोसाठी आणि जिवासाठी हे दोन-तीन दिवस सगळ्यांत चांगले. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. संध्याकाळी ते वर असतं, वाळूचा पट्टा अरुंद होतो, पण चढउतार मवाळ.

हे गणित मला गोकर्णला जाण्याआधी माहीत होतं, असं म्हणायची सोय नाही. त्रिपुरी पौर्णिमेजवळचा शनिवार होता. ऑफिसातला धारवाडचा मित्र आणि मी कुडले किनाऱ्याच्या टोकाला, ओम बीचकडे जाणाऱ्या खडकांवर उतरलो. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात अख्खं आकाश. मध्ये एक चिंचोळी घळ लागली, घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडली आणि पलीकडच्या सपाट दगडावर ट्रायपॉड मांडला. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. लोक उठून गेले आणि आम्ही शहाण्यासारखे थांबलो, कारण खरे रंग त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत येतात हे आम्ही वाचलेलं होतं. ते खरंही आहे. केशरी जाऊन जांभळा आला, जांभळ्यात निळा मिसळला. मागे डोंगरावर चंद्र आला. आम्ही दोघेही स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेलो.

परत फिरलो तेव्हा घळीत कमरेएवढं पाणी होतं आणि ते स्थिर नव्हतं. लाट आली की छातीशी यायचं, ओसरली की पायाखालचा दगड ओढून न्यायचं. माझा ट्रायपॉड खांद्यावर होता, त्याचे पाय उघडेच. पुढच्या लाटेने त्यालाच धरलं आणि तो कॅमेऱ्यासकट खाली गेला. पकडायला वाकलो तर नडगी खडकावरच्या कालवांना घासली. कालवांच्या शिंपल्यांची धार त्या दिवशी कळली. घाव आधी दिसतात, दुखतात नंतर, खारं पाणी लागल्यावर. वरच्या पायवाटेवरून जाणाऱ्या एका गावकऱ्याने बॅटरीचा झोत टाकला आणि घळीकडे न जाता खडकांच्या वरच्या अंगाने चढून यायला सांगितलं. कोकणीत बोलत होता. मला समजलं, धारवाडकराला मी सांगितलं. वाट होती, चांगली मळलेली होती. उजेडात आम्ही ती पाहिलीच नव्हती.

कॅमेरा पाण्यात पडला तर काय करायचं, तेवढं मला ठाऊक होतं. चालू करून बघायचा मोह आवरायचा, बॅटरी आणि कार्ड तिथल्या तिथे काढायचं. गोड्या पाण्यात पडलेला कॅमेरा कधीकधी वाचतोही. खाऱ्या पाण्यात भिजलेला मात्र बहुधा जातोच. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला तेव्हा सर्किटच्या जोडांवर हिरवट पूड चढलेली होती, तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. कार्ड तेवढं वाचलं. फोटो बरे आले होते, पण ते मोठे करून लावायची इच्छा झाली नाही.

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी काही गोष्टी तोंडपाठ करायला लावतो. खडकावर पाऊल ठेवायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. जिथपर्यंत दगड काळा-हिरवा आणि बुळबुळीत, कालवं आणि शिंपले चिकटलेले, तिथपर्यंत पाणी रोज येतं. ती रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल तर तिथे उभं राहायचं नाही. आत जायची वाट सगळेच बघतात, बाहेर यायची वाटही उजेडातच बघून ठेवा, आणि ती पाण्यातून जाणारी नको. परतीच्या वेळेचा गजर फोनवर लावा आणि तो वाजल्यावर ‘एकच शेवटचा’ म्हणू नका. दोघं असाल तर एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने पाण्याकडे बघावं. दर काही लाटांनंतर एखादी मोठी येतेच. कधी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठवलेली लाट हजारो किलोमीटर प्रवास करून येते, तेव्हा किनाऱ्यावर वाराही पडलेला असतो. ‘इन्कॉइस’ अशा लाटांचे इशारे देतं, निघण्याआधी ते वाचा. आणि जून ते सप्टेंबर खडकांच्या वाटेला जाऊच नका. पावसाळी समुद्र बघायचा तर वरच्या कड्यावरून, लांब लेन्सने.

हे सगळं घाबरवण्यासाठी लिहितोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. त्या फोटोसाठी गेल्या होत्या असं मी म्हणत नाही. समुद्रापासून लांबच्या पठारावर वाढलेल्या माणसाला, मग तो कोलारचा असो, बंगळूरचा असो की आमच्या सोलापूरचा, पाण्याचा अंदाज जन्मजात नसतो, एवढंच म्हणायचं आहे.

आता फोटोबद्दल. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून रोवा आणि एक लाट जाऊ द्या. लाट पायांखालची वाळू उपसते, ट्रायपॉड केसभर खचतो आणि लेन्स कितीही महाग असली तरी फोटो हलतो. फिल्टरवर पैसे घालण्याआधी थांबायला शिका. सूर्य बुडून दहाएक मिनिटं झाली की आयएसओ १०० आणि एफ ११ वर शटर आपसूक पाव-अर्ध्या सेकंदाला येतं. लाट मागे फिरताना तेवढ्या वेळात तिच्या फेसाच्या रेघा उमटतात. लाट येताना क्लिक केलं तर नुसता पांढरा ढीग दिसतो. सूर्यास्ताला किती वेळ उरला हे बघायला हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यात बोटं आडवी धरा, एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. आणि सूर्य नेहमी ठीक पश्चिमेला मावळत नाही. डिसेंबरात तो या भागात चोवीसेक अंश दक्षिणेला सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. अर्धचंद्राकार किनाऱ्यावर तो पाण्यात बुडेल की डोंगराच्या सोंडेआड जाईल, हे त्यावर ठरतं. मार्चमध्ये कुणीतरी काढलेला फोटो बघून डिसेंबरात तीच जागा धरून बसलेले मी पाहिले आहेत.

सकाळ वाया घालवू नका, हे मात्र मला फार आग्रहाने सांगायचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून सूर्योदय नाही म्हणून लोक नऊपर्यंत झोपतात. पण सह्याद्रीवरून येणारं कोवळं ऊन होड्यांवर, लाटांच्या अंगावर, रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांवर समोरून पडतं. असा उजेड संध्याकाळी मिळत नाही. कारवारला काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या पायथ्याला सकाळी सातला जाऊन बघा. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी इथे राहिले होते. थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला न्यायाधीश होते, आणि रवींद्रनाथांनी एक नाटकही इथेच लिहिलं. त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे जुन्या माणसांशी मराठीत बोललात तरी संवाद होतो. रापणीवर फोटो काढायच्या आधी बोलाच. दोर ओढायला दोन मिनिटं हात लावलात तर परवानगी वेगळी मागावी लागत नाही.

काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. त्याआधी कुणीतरी कंटाळवाण्या दुपारी सहज काढलेला त्या पुलाचा फोटो आज माझ्या सगळ्या जांभळ्या आकाशांपेक्षा मोलाचा आहे. कारवारजवळच नौदलाचा कदंब तळ आहे, २००५ साली सुरू झालेला. त्या दिशेला कॅमेरा रोखू नका, आणि ड्रोन तर बंगळुरातच ठेवा. ‘मी हौशी आहे’ हा कायद्यात बचाव नाही.

सराव घरी करा. सँकी तलावाकाठी संध्याकाळी क्षितिज सरळ धरायला शिकता येतं. लालबागेतल्या त्या प्राचीन खडकावर पावसाळ्यात साचणाऱ्या थारोळ्यांत प्रतिबिंबं मिळतात, आणि तिथे भरती येत नाही. १९७१ पासून चालत आलेली यूथ फोटोग्राफिक सोसायटी बंगळुरातच आहे. अशा ठिकाणी आपले फोटो दाखवून चार परखड शब्द ऐकले की लेन्सची हाव बरीच कमी होते.

परतल्यावर सोमवारी कामाला जायच्या आधी तासभर काढा. ट्रायपॉडचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा. लेन्सवरचं मीठ कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापड फिरवा. बंगळूरची हवा कोरडी म्हणून बॅग तशीच कपाटात टाकाल, तर जुलैपर्यंत लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसतील. बॅग उन्हात वाळवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि त्याचा निळा रंग गुलाबी झाला की तापवून पुन्हा वापरा.

आणि पुढची सहल ठरवताना शुद्ध किंवा वद्य द्वितीया बघा. ती बुधवारी येत असेल तर बुधवार-गुरुवारची रजा टाका. वरिष्ठांना कारण सांगायला थोडं अवघड जाईल. पण मधल्या वारी खोली स्वस्तात मिळते, आणि ओहोटीच्या वाळूवर शनिवार-रविवारच्या गर्दीची पावलं नसतात.