तिसरा कोनही मोज

पोरी, जिनिंगमध्ये रुजू होण्याआधी एकदा लॅम्बटनची कबर बघून ये. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने सुरू केली, तो विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या हिंगणघाटात वारला. हैदराबादेहून नागपूरकडे निघाला होता. वय सत्तरीच्या आसपास, तरी काम सोडलं नव्हतं.

त्याची पद्धत नीट समजून घे. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने पायाची रेघ मोजली. रेघ साडेसात मैलांची, साखळी 100 फुटांची, पोलादाची. दहा अंश सेल्सियस पारा चढला की एवढी साखळी साधारण साडेतीन मिलिमीटर वाढते. हे काहीच नाही असं वाटतं. पण तीच साखळी जवळजवळ 400 वेळा मांडायची, म्हणजे चूक दीड मीटरच्या घरात जाते! म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून, थर्मामीटर बघत तो मोजायचा. त्रिकोणाचे दोन कोन कळले की तिसरा वजाबाकीने निघतोच, तरी शक्य तिथे तिसराही मोजायचा. तिन्हींची बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चुकलंय हे तिथेच कळतं. शिवाय पुढे बंगळूरला नवी रेघ जमिनीवर मोजून आकडेमोडीशी ताडून पाहिली. माझ्या मते इंजिनिअरिंग म्हणजे हेच.

आता आपल्या जिनांकडे बघ. रुई कमी पडू लागली की कोणीतरी म्हणेल, सुरीचा दाब वाढवा. लगेच पाना उचलू नकोस. दाब वाढला की चामड्याचा रोलर जास्त तापतो, लवकर झिजतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आधी कापसाची ओल मोज. माल कितव्या वेच्याचा, गाडी रात्रभर दवात उभी होती का, हे हमालांना विचार; त्यांना माहीत असतं, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि बदलाआधीचा आकडा वहीत लिही.

आणि उतारा काढताना कापसातून रुई वजा करून राहिली ती सरकी, असं धरू नकोस. सरकी वेगळी तोल, कचराही तोल. मग तिन्हींची बेरीज कापसाच्या वजनाशी लावून बघ. सुकून थोडी घट येणारच, पण घट रोजच्यापेक्षा जास्त दिसली तर आधी काटा तपास, मग मशीन उघड.