वायुगळती झाली तर ओढ्यात उतरावे का?

प्रश्न : आमचे घर कुरकुंभ एमआयडीसीलगत आहे. २०१९ च्या आगीत रात्री घर सोडावे लागले. सासूबाई म्हणतात, वायू वर जातो. ओढ्यात उतरले की वाचतो. हे खरे का?
– एक वाचक, कुरकुंभ

उत्तर : ताई, ओढ्यात मुळीच उतरू नका. क्लोरिनसारखे वायू हवेपेक्षा जड असतात, ते सखल जागीच साचतात. अमोनिया हलका खरा, पण गळतीनंतर त्याचाही थंड ढग जमिनीलगत पसरू शकतो. आधी वारा बघा. धूर किंवा हातातून सोडलेली चिमूटभर माती दिशा सांगते. मग वाऱ्याला आडवे, चढाकडे निघा.

वायू दारापर्यंत आला असेल तर मात्र बाहेर पळू नका. चूल विझवा, कूलर बंद करा, आतल्या खोलीत बसा. दाराखालच्या फटीत ओले फडके कोंबा. तोंडावरच्या ओल्या रुमालाने थोडा आधार मिळतो, संरक्षण नाही. ११२ ला फोन करा.

सासूबाईंना कोणाच्या गाडीवर न्यायचे, हे आजच ठरवा. धोकादायक रसायनांची माहिती परिसरातल्या लोकांना देणे कारखान्यांना कायद्याने बंधनकारक आहे. येत्या ग्रामसभेत ती मागाच.