कुष्ठरोगातील दाह व मज्जातंतूंचे रक्षण

वाचावयाचा भाग : मार्क १:४०-४५

प्रभूने कुष्ठी मनुष्यास हात लाविला, हे आपण पुष्कळ वेळा वाचले आहे. आज कुष्ठरोगाविषयी एक गोष्ट शिकावयाची आहे; ती ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचे हात लुळे पडतात.

ह्या रोगाचा जंतू नॉर्वे देशाचे डॉक्टर हॅन्सन ह्यांनी १८७३ साली शोधून काढिला. तो कातडीत व मज्जातंतूंत राहतो. रोग्यास अनेक औषधे एकत्र दिल्याने जंतू मरतात. परंतु उपचार चालू असता, किंवा तो संपल्यावरही, कधी कधी चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपर दुखते, बोटांस मुंग्या येतात. रोगी म्हणतो, "औषध बाधले," आणि ते सोडून देतो. ही मोठी चूक होय.

असे का होते? शरीराचे पहारेकरी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडतात. चोरास मारता मारता घरधन्यासही मार बसावा, तसे हे होय. मज्जातंतूभोवती घट्ट वेष्टण असते. आत सूज आली म्हणजे तिला पसरावयास जागा नसते. तंतू चेपला जातो, त्यास रक्त पुरत नाही व त्याचा नाश होऊ लागतो. मग हात बधिर होतो, बोटे वाकतात, पापणी मिटत नाही.

अशा वेळी डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. ते जंतूंस मारीत नाही; दाह पेटविणारी द्रव्ये शरीरात कमी उत्पन्न व्हावी असे करिते. सूज उतरते व तंतू वाचतो. म्हणून दोन्ही औषधे पाहिजेत : काही जंतूंसाठी, एक दाहासाठी. इजा सहा महिन्यांच्या आत ओळखली तर गेलेली शक्ती परत येण्याची पुष्कळ आशा असते. मात्र हे औषध आपल्या मनाने घेऊ नये, व एकाएकी बंदही करू नये. डॉक्टर त्याची मात्रा हळूहळू उतरवितात.

वाकोल्याच्या मंडळीस वडाळ्याचे, १८९० साली स्थापिलेले अ‍ॅक्वर्थ रुग्णालय जवळ आहे; वऱ्हाडातील मंडळ्यांस कोठारा येथील मिशनचे रुग्णालय आहे. उपदेशक बंधूंनो, प्रार्थनेस घरोघरी जाल तेव्हा अशा रोग्याचा हात आपल्या हाती घ्या. करंगळीत बळ आहे काय, डोळे पूर्ण मिटतात काय, हे पाहा. उणे दिसल्यास त्याच आठवड्यात त्यास घेऊन रुग्णालयात जा.

प्रश्न
१. चट्टा सुजला म्हणजे जंतूंचे औषध का सोडू नये?
२. सुजेने मज्जातंतूस इजा कशी होते?
३. आपल्या गावात कोणाच्या घरी आपण जावयास भितो?