मापनयंत्रास बारा भाग मोजावयास कसें शिकवावें

भूमितीच्या तासास “एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातें” हें विधान आपण पाठ करतों. आणि याचा व्यवहारांत उपयोग तो काय, असें एखादा धीट विद्यार्थी विचारतोच. पालकांनाही हा प्रश्न पडत असेल. त्याचें एक उत्तर चाकण-पिंपरीकडे मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत पाहावयास मिळतें. तेथें तपासणीच्या थंड खोलींत ग्रॅनाइटच्या मेजावर एक यंत्र उभें असतें. पुस्तकी भाषेंत तें निर्देशक मापनयंत्र. कामगारांच्या तोंडीं मात्र सी. एम. एम.

या यंत्रास परस्परांशीं काटकोन करणारे तीन अक्ष असतात. त्यांवर सरकणाऱ्या दांडीच्या टोकास प्रोब बसविलेला असतो, व त्याच्या बारीक काडीच्या टोकाशीं माणकाची लहानशी गोळी असते. गोळी वस्तूस टेकतांच यंत्र त्या क्षणींचे तिन्ही निर्देशक टिपून घेतें. स्पर्श होतांच संकेत देणारा असा प्रोब डेव्हिड मॅक्मर्ट्री या इंजिनियरानें १९७२ सालीं बनविला; काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनांतील बारीक नळ्या मोजण्याची अडचण हें त्याचें निमित्त होतें.

आतां यंत्राची अडचण पाहा. त्यास केवळ स्वतःचे अक्ष ठाऊक आहेत. वस्तु मेजावर कशी ठेविली आहे हें त्यास कळत नाहीं. मोकळी वस्तु सहा प्रकारें हलूं शकते : तीन दिशांनीं सरकणें व तीन अक्षांभोंवतीं फिरणें. तिच्या वरच्या पृष्ठावर तीन बिंदु टेकविले कीं प्रतल ठरलें. दोन फिरणीं व एक सरकणें संपलें. लांब कडेवर दोन बिंदु घेतले कीं रेषा ठरली. आणखी एक फिरणें व एक सरकणें गेलें. आखूड कडेवरील एका बिंदूनें शेवटचें सरकणेंही संपतें. सहा स्पर्शांत वस्तूस स्वतःचा आरंभबिंदु व स्वतःचे अक्ष मिळाले. यापुढील सर्व मापें यांपासून घ्यावयाचीं, यंत्राच्या अक्षांपासून नव्हे.

एक वस्तु मोजणें येथवर सोपें आहे. परंतु कारखान्यांत एकाच नमुन्याच्या शेंकडों वस्तु येतात. त्यांस तेथें जॉब म्हणतात. म्हणून जॉब घट्ट धरणारा एक पाट, म्हणजे फिक्श्चर, करितात. समजा, त्यांत तीन ओळी व प्रत्येक ओळींत चार असे बारा खण आहेत. शेजारच्या खणांत १२० मिलिमीटर व दोन ओळींत १५० मिलिमीटर अंतर आहे. बारा वेगळे प्रोग्राम लिहिणें वेडेपणाचें. एकच लिहावा, तो बारा वेळां फिरवावा, व प्रत्येक फेरीस आरंभबिंदु पुढें सरकवावा. किती सरकवावा? सातवा जॉब घ्या. सातांतून एक वजा करून चारानें भागा : भागाकार १, बाकी २. म्हणजे एक ओळ पुढें व दोन खण उजवीकडे. अर्थात् १५० व २४० मिलिमीटर. प्राथमिक शाळेंतील भागाकारानें येथें यंत्र चालतें, हें मला तरी फार मौजेचें वाटतें.

परंतु हें सरकविणें केवळ अंदाजाचें आहे. खण कांहीं मायक्रॉनपर्यंत अचूक नसतात, आणि जॉबखालीं लोखंडाचा एखादा कीस अडकला तर तो तिरपा बसतो. म्हणून अंदाजानें जवळ जाऊन, तेथें ते सहा स्पर्श पुन्हा करून, प्रत्येक जॉबचा आरंभबिंदु नव्यानें ठरवावा. हे ७२ स्पर्श वाचविण्याचा मोह पुष्कळांस होतो. एका स्पर्शास तीन सेकंद धरले, तर वाचतात सारीं साडेतीन मिनिटें. उलट फिक्श्चरची चूक जॉबच्या माथीं बसते, व चांगला माल भंगारांत जातो. उष्णतेचाही विचार हवा. लांबीचें प्रमाणित तपमान १९३१ पासून २० अंश सेल्सिअस आहे. पोलादाचा २०० मिलिमीटर लांब जॉब ३० अंशांवर आणाल तर तो सुमारें २३ मायक्रॉन वाढलेला असेल. ॲल्युमिनियमचा याच्या दुप्पट.

खरा धोका निराळाच आहे. कांहीं भोंकें उभ्या काडीनें मोजतां येतात, कांहींस आडवी काडी लागते. प्रत्येक जॉबपाशीं काडी बदलण्यांत वेळ जातो. म्हणून शहाणा मनुष्य एका काडीनें बाराही जॉब मोजतो, मग दुसरी लावतो. असें करावयाचें तर पहिल्या फेरींत ठरलेले बारा आरंभबिंदु क्रमांकानिशीं जपून ठेवावे लागतात. दुसऱ्या फेरींत सातव्याच्या जागीं सहाव्याचा आरंभबिंदु काढला गेला, तर यंत्र मुकाट्यानें सहावाच जॉब पुन्हा मोजतें आणि आंकडे सातव्याच्या नांवावर लिहितें. यंत्र अडखळत नाहीं, आंकडे सुरेख दिसतात, आणि सातवा जॉब न मोजतांच पुढें जातो. तो ब्रेकचा भाग असेल तर काय होईल, हें सांगावयास नकोच. मोकळ्या खणाचेंही असेंच. तेथें गोळीस कांहींच लागलें नाहीं म्हणजे यंत्र थांबतें, हें ठीक; पण खण वगळून पुढें जावयाचें तर जॉबचे क्रमांक एका घरानें सरकतां कामा नयेत.

म्हणून नवा प्रोग्राम प्रथम अगदीं मंद गतीनें चालवावा, आणि तोही बाराव्या खणावर. अंतर लिहितांना एका मिलिमीटरची चूक झाली असेल तर ओळीच्या शेवटच्या खणांत ती तिप्पट होऊन दिसते. त्यानंतर अकरा खणांत चांगले जॉब ठेवावे व सातव्यांत मुद्दाम एक सदोष, ज्याचें आडव्या काडीनें मोजावयाचें भोंक चुकलें आहे असा. अहवालांत सातवा, आणि सातवाच, नापास झाला पाहिजे.