समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे



देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समुपदेशन शिकविले जाते. या शब्दात ‘उपदेश’ दडला आहे; कामात मात्र तो नको.

मानवतावादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक कार्ल रॉजर्स प्रथम शेतकी व इतिहास शिकले. धर्मोपदेशक होण्याची वाट सोडून त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून १९३१ साली डॉक्टरेट मिळविली. १९५७ साली त्यांनी समुपदेशकाकडे तीन गोष्टी मागितल्या : सच्चेपणा, बिनशर्त आदर आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन समजून घेणे.

उद्या जातीवरून हिणवला गेलेला विद्यार्थी तुमच्यासमोर बसला, तर ‘मन घट्ट कर’ म्हणू नका. तसे म्हटले की दोष त्याच्याच मनाचा ठरतो. आधी ऐका, त्याचे दुःख खरे माना. आणि दोष वर्गाचा असेल, तर वर्गही सुधारला पाहिजे.