चहाची पारख : आधी कोरा, मग मसाला



उसाचा नमुना कसा घ्यावा हे आपणांस नव्याने सांगायला नको. बांधालगतचा एकच ऊस मोडून कोणी सगळ्या फडाचा ब्रिक्स ठरवू लागला, तर आपण ते चालू देत नाही. नमुना फडाच्या आतून घ्या, चार ठिकाणचा घ्या, बुडख्याचा आणि शेंड्याचा दोन्ही घ्या, असा आपला आग्रह असतो आणि तो रास्तच आहे. पण हेच आपण दुकानात चहा घ्यायला गेलो की काय करतो? पाकिटावरचे चित्र बघतो, पाकीट नाकाला लावतो, ‘वाहवा, काय वेलचीचा वास आहे!’ म्हणतो आणि पिशवीत टाकतो. आत चहा कसा आहे, याचा नमुना कोणी घेतच नाही.

आता बाजारात आल्याचा, वेलचीचा, मसाल्याचा, गवती चहाचा, गुलाबाचा, तुळशीचा असे नाना तऱ्हेचे सुगंधी चहा मिळतात. साध्या चहापेक्षा त्यांचा दर बहुधा चढा असतो. ते घ्यावेत की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ठरविण्यापूर्वी घरच्या घरी पारख कशी करावी, एवढाच या पाठाचा विषय आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. कप, घड्याळ, जीभ आणि नाक पुरे.

१. सुगंध चहात येतो कसा?

चहाच्या पत्तीचा एक मोठा गुण, आणि तोच तिचा दोषही, असा की ती शेजारचा वास ओढून घेते. चीनच्या फूजियान प्रांतात या गुणाचा उपयोग करून मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा चहा करतात. संध्याकाळी कळ्या आणून त्यांचे आणि पत्तीचे थर देतात, रात्री कळ्या उमलतात, पत्ती सुगंध पिऊन घेते आणि मग फुले काढून टाकतात. चांगल्या प्रतीसाठी हे पुन्हा पुन्हा करतात. दुसरी तऱ्हा तेल लावण्याची. इंग्रजांचा ‘अर्ल ग्रे’ चहा बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाने सुवासिक करतात. तिसरी तऱ्हा आपली, म्हणजे खरे आले, वेलदोडा, गवती चहा पातेल्यातच घालण्याची. आणि चौथी म्हणजे कारखान्यात तयार केलेला सुगंध चहावर फवारण्याची.

या चारही तऱ्हांत एक गोष्ट सारखी आहे. सुगंध वरून आलेला असतो. खालचा चहा उत्तम असो वा सुमार, वास तोच येणार. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : सुगंधावरून चहा पारखू नये.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा बहुतेक सीटीसी पद्धतीचा असतो. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात पुढे आले. उलट्या दिशेने आणि कमीजास्त वेगाने फिरणाऱ्या दोन दातेरी रोलरमधून पत्ती जाते, चुरली जाते, फाटते आणि वळते. कारखान्यात उसाची मोळी रोलरखाली जाताना पाहिलेल्या सभासदाला हे चटकन कळेल. या चहाला रंग लवकर सुटतो आणि तो दुधाला चांगला पेलतो. ‘डस्ट’ म्हणजे जमिनीवर सांडलेला केर, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चाळणीतून पडणाऱ्या सर्वांत बारीक दाण्याची ती प्रत असते.

२. जीभ काय सांगते, नाक काय सांगते

एक साधा प्रयोग करा. नाक घट्ट दाबून धरा आणि वेलदोड्याचे दोन दाणे चावा. थोडा तिखटपणा, थोडा गारवा, एवढेच कळेल. आता नाक सोडा. एकदम वेलची ‘येईल’. म्हणजे आपण जिला वेलचीची चव म्हणतो, ती बहुतांशी नाकाची गोष्ट आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात.

चहात आणखी एक ओळखावयाची गोष्ट म्हणजे तुरटपणा. पुष्कळजण तुरट आणि कडू यांत गल्लत करतात. कारल्याचा तो कडूपणा. कच्चे जांभूळ किंवा सुपारी चावल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तोंड कोरडे पडते, तो तुरटपणा. चांगल्या चहात तुरटपणा हवाच, त्यानेच तरतरी जाणवते. पण तो आला तसा निघूनही गेला पाहिजे. जिभेवर चिकटून राहणारा कडवटपणा हे जास्त उकळल्याचे किंवा हलक्या मालाचे लक्षण समजावे.

दूध घातले की दुधातली प्रथिने या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि चहा मऊ होतो. साखर कडूपणा झाकते. म्हणून पारख करताना दूधही नको आणि साखरही नको. साखर कारखान्याच्या पत्रिकेत ‘साखर बाजूला ठेवा’ असे छापलेले बघून कोणाला हसू येईल! पण आम्ही ती कायमची ठेवा म्हणत नाही. फक्त शेवटी घाला म्हणतो.

३. कोऱ्या चहाची परीक्षा

चहाची तुलना करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८० साली एक पद्धत ठरवून दिली. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, पाणी खळखळ उकळलेले, वेळ ६ मिनिटे आणि भांडे पांढऱ्या चिनीमातीचे. घरी ती अशी करावी :

अ) दोन किंवा तीन चहा घ्या. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नकोत, जीभ थकते.

आ) वजन सारखे हवे. चमच्याने मोजू नये, कारण जाड दाणा चमच्यात हलका भरतो आणि डस्ट जड. लहान पुडी आणून तिच्यावरचे निव्वळ वजन वाचा आणि तिचे तेवढे भाग पाडा. १० ग्रॅमच्या पुडीचे पाच सारखे भाग केले, की प्रत्येक भाग २ ग्रॅम झाला.

इ) पाणी एकाच हंड्यातले घ्या. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर चहावर तवंग येतो आणि चव दबते. तो दोष चहाच्या माथी मारू नये.

ई) पांढऱ्या कपात चहा टाका, उकळते पाणी ओता, बशी झाका आणि घड्याळ लावा. सहा मिनिटांनी गाळा. रोजच्यासारखा विस्तवावर उकळू नका. उकळण्यात कमीजास्त झाले की तुलना बिघडते.

उ) थोडा निवू द्या. ६५ अंशांवरचे अतिगरम पेय घशाला अपायकारक असण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. शिवाय पोळलेल्या जिभेला चव कळत नाही.

ऊ) चमचाभर चहा फुर्रकन आवाज करून ओढा. एरवी पंगतीत हे बरे दिसत नाही खरे, पण व्यवसायाने चहा चाखणारे असेच ओढतात. हवेबरोबर वास घशातून नाकाकडे जातो. मग चूळ थुंकून टाका आणि कोमट पाण्याने तोंड धुवा.

परीक्षा सकाळी करावी. तंबाखू, मिसरी, पान किंवा कांदा खाल्लेल्या तोंडाने करू नये.

४. गुण कसे द्यावेत?

मुलांच्या वहीचा कागद घ्या आणि प्रत्येक चहाला चार बाबींत दहापैकी गुण द्या :

रंग – स्वच्छ, तांबूस, चमकदार असेल तर जास्त. गढूळ, काळपट, मेलेला असेल तर कमी.
वास – ताजा, गोडसर असेल तर जास्त. कुबट, धुरकट किंवा गोणपाटासारखा असेल तर कमी.
चव – भरदार आणि तरतरीत असेल तर जास्त. पाणचट किंवा नुसता कडवट असेल तर कमी.
मागची चव – घोट गेल्यावर तोंड स्वच्छ वाटले तर जास्त. कडूपणा रेंगाळला तर कमी.

गुण प्रत्येकाने स्वतंत्र मांडावेत. आधी कोणी बोलू नये. घरातल्या थोरल्यांनी ‘हा बरा आहे’ म्हटले, की बाकीच्यांच्या जिभेलाही तोच बरा लागतो, हा आपल्याकडचा अनुभव आहेच.

आता सुगंधी चहाही याच रीतीने कोराच चाखून बघा. पाकीट उघडताच घर दरवळले, पण कपात काहीच उतरले नाही, किंवा वास गेल्यावर मागे पाणचट चहा राहिला, तर आपण कशाचे पैसे दिले ते कळून येईल.

५. मग मसाला, एका वेळी एकच

कोऱ्या परीक्षेत जो चहा उतरला, त्यातच मसाला घालून बघावा. एकदम सगळा मसाला टाकला तर कशाने काय झाले ते कळत नाही. खताचा प्रयोगही आपण एका सरीत एकाच खताचा करतो, नाही का?

आले : ओले आले ठेचून आधी पाण्यात चांगले उकळावे आणि दूध नंतर घालावे. कच्च्या आल्यात दूध नासवणारा एक पाचक घटक असतो, तो उकळीने निकामी होतो. सुंठ आल्यापेक्षा तिखट लागते, कारण वाळताना आल्यातील तिखट द्रव्याचे अधिक जहाल द्रव्यात रूपांतर होते. म्हणून सुंठ चिमूटभरच.

वेलदोडा : त्याचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. तेव्हा वेलदोडा ऐनवेळी कुटून शेवटी घालावा आणि झाकण ठेवावे. पूड करून ठेवलेली वेलची दिवसागणिक फिकी होत जाते.

गवती चहा : विहिरीच्या थारोळ्याला, परसात, कुठेही येतो. याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा आहे. पाती धुऊन, गाठ मारून पाच मिनिटे उकळावीत.

गूळ : हा तर आपल्या घरचाच. पण गुळातील आंबटपणा आणि क्षार यांमुळे दूध फाटू शकते. म्हणून पातेले उतरवून थोडे थांबावे आणि मग गूळ विरघळवावा. गुळाला स्वतःची दणकट चव आहे. हलका सुगंध तिच्यापुढे टिकत नाही. आले मात्र टिकते.

६. तीन कपांची परीक्षा

‘मला फरक कळतो’ असे प्रत्येकजण म्हणतो. खरेच कळतो का, ते असे पाहावे. तीन सारखे कप घ्या. दोहोंत एक चहा आणि तिसऱ्यात दुसरा. कपाखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि चाखणाऱ्याला दाखवू नका. वेगळा कप कोणता, एवढेच त्याने सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा उत्तर बरोबर येते. म्हणून कपांच्या जागा बदलून चार वेळा विचारा. चारही वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याचा संभव ८१ मध्ये एक इतकाच. जो चारही वेळा ओळखेल, त्याची जीभ खरी. आणि महाग व स्वस्त चहातला फरक घरात कोणालाच ओळखता आला नाही, तर महाग चहा कोणासाठी आणायचा?

७. भेसळीवर नजर

सुट्या चहात वापरून वाळवलेली पत्ती रंगवून मिसळण्याचे प्रकार होतात. टिपकागदावर थोडा चहा पसरा, पाणी शिंपडून ओला करा, थोड्या वेळाने चहा काढून कागद नळाखाली धरा आणि उजेडात पाहा. काळपट तपकिरी डाग राहिले तर रंगाचा संशय घ्यावा. चहातून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटेल. मसाल्यातील लवंग पाण्यात टाका. चांगली लवंग तळाशी बसते, तेल काढून घेतलेली तरंगते. संशय आला तर पाकीट आणि पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करावी.

८. हिशेब

समजा, पाव किलो साधा चहा १०० रुपयांना आणि तेवढाच वेलची चहा १५० रुपयांना आहे. कपाला ३ ग्रॅम धरले तर पाव किलोत सुमारे ८३ कप होतात. म्हणजे वासासाठी कपामागे ६० पैसे जास्त पडले. आता समजा, १० ग्रॅम वेलदोडे ३० रुपयांना आणले आणि ते मोजून ५० भरले. एक वेलदोडा ६० पैशांचा झाला, आणि तो दोन कपांना पुरतो. म्हणजे खरी वेलची कपाला ३० पैशांत पडली. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब घरी मांडा. गवती चहाला तर तोही लागत नाही.

आणलेला चहा घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा. मसाल्याच्या डब्याशेजारी, रॉकेल, साबण किंवा औषधांच्या फवाऱ्याजवळ ठेवू नये. पत्ती वास ओढून घेते हे वर सांगितलेच आहे.

स्वाध्याय

१) घरातला रोजचा चहा आणि दुकानातील एक सुगंधी चहा कोरा करून दोहोंना चाळीसपैकी गुण द्या.
२) तीन कपांची परीक्षा घरातील किमान चौघांची घ्या. लहानांना चहा नको, पण चिठ्ठ्या लावण्याचे काम त्यांच्याकडे द्या.
३) बचत गटातील ज्या भगिनी चहाचा मसाला करून विकतात, त्यांनी आपला मसाला एकाच साध्या चहात घालून, चिठ्ठ्या लपवून, गिऱ्हाइकांकडूनच गुण घ्यावेत. मालाची खरी जाहिरात तीच.

काट्यावर वजन बरोबर झाले पाहिजे, असे आपण ठणकावून सांगतो. चहाच्या बाबतीत काटा आपल्याच तोंडात आहे. तो वापरावा, इतकेच आमचे सांगणे.